अक्षराला तीस रुपये

प्लंबर दारात उभा राहिला, त्यानं माझ्या खांद्यावरून आत नजर टाकली आणि विचारलं, “साहेब आहेत का?”

“मी आहे ना. या. बेसिनखालचा पाइप गळतोय.”

“साहेब कधी येतील?”

आमच्या घरातले साहेब म्हणजे रवी. घरात बेसिन आहे एवढं त्याला पक्कं माहीत आहे, कारण तिथं तो दाढी करतो. बेसिनच्या खाली काय चालतं याची त्यानं कधी चौकशी केलेली नाही. पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे असं विचारलं तर तो ठामपणे गॅलरीकडे बोट दाखवतो. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी आहे.

मी रवीला फोन लावला आणि प्लंबरच्या हातात दिला. पलीकडून रवी म्हणाला, “हो हो, बरोबर आहे, तसंच करा.” प्लंबरनं समाधानानं मान हलवली, फोन मला परत दिला आणि म्हणाला, “वहिनी, कॉक कुठाय?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मी स्त्रीवादी आहे. आजकालची नाही, चांगली कॉलेजपासूनची. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ माझ्या उशाशी असतं. १८८२ साली बुलढाण्याच्या त्या बाईनं एकटीनं बसून समस्त पुरुषजातीची सालटी काढली, आणि ते पुस्तक उशाशी घेऊन झोपणाऱ्या मला एका प्लंबरला ‘साहेब मीच’ एवढं सुनावता येऊ नये?

तसं बोलण्यात मी कमी नाही. दरवर्षी ८ मार्चला आमच्या ऑफिसात बायकांना गुलाबाचं एकेक फूल मिळतं, रांगोळीची स्पर्धा होते आणि मग मी ‘स्त्रीमुक्तीची वाटचाल’ या विषयावर बोलते. टाळ्या पडतात. साहेब म्हणतात, “वा, डोळे उघडलेत मॅडम! आता चहाचं तेवढं बघता का?” मी बघते. चहा चांगला होतो, त्याचंही कौतुक होतं.

तर त्या रात्री मी ठरवलं, भाषणं पुरे. आता कृती. आणि ती मोर्चा वगैरे काढून नाही, तर रोजच्या जगण्यात, घराच्या चार भिंतींत आणि सोसायटीच्या कंपाउंडात. मला वाटलं होतं, हे सोपं असेल.

पहिली आघाडी अर्थात स्वयंपाकघर. रवीला मी थेट सरकारी आकडेवारीच दाखवली. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. ही मोजणी वयाच्या सहाव्या वर्षापासून पुढची आहे, म्हणजे पहिलीतल्या पोरीही त्यात आल्या. आणि पुरुषांची सरासरी काढलीय ती फक्त काही ना काही करणाऱ्यांची. जे कशाला हातच लावत नाहीत त्यांनी सरासरीही बिघडवलेली नाही, इतके ते अलिप्त.

रवीनं आकडे नीट वाचले. “२०१९ ला पुरुष ९७ मिनिटं करत होते,” तो म्हणाला. “म्हणजे पाच वर्षांत नऊ मिनिटांनी घसरले. अशा परिस्थितीत मी रोज स्वतःचा चहा स्वतः करतो. मी प्रवाहाविरुद्ध पोहतोय, ज्योत्स्ना.”

दुसऱ्या दिवसापासून तो घरकामाला बसला. म्हणजे मोबाइलवर घड्याळ लावून बसला. दूध तापवणे, चौदा मिनिटं. त्यातली तेरा मिनिटं तो दुधाकडे बघत होता आणि चौदाव्या मिनिटाला घड्याळाकडे बघायला वळला तेव्हा दूध उतू गेलं. ओटा पुसणे, अकरा मिनिटं, वेगळी नोंद. ‘संध्याकाळी भाजी काय करावी याचा विचार’, नऊ मिनिटं. मी म्हटलं, हा विचार लग्न झाल्यापासून मी अंघोळ करतानासुद्धा करते, तो कुठल्या वहीत आहे?

“तू वेळच्या वेळी नोंद ठेवायला हवी होतीस,” रवी म्हणाला. तो शासकीय नोकरीत आहे.

चिरंजीव तर आमच्या दोघांच्याही पुढे गेलेले. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत ‘घरकामाला आर्थिक मूल्य हवेच’ या विषयावर बोलून तो पहिला आला. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. घरी आल्यावर त्यानं चषक टीपॉयवर ठेवला, मोजे काढून चषकात टाकले आणि विचारलं, “आई, जेवायला काय आहे?” मी त्याला त्याच्याच भाषणाची आठवण करून दिली. तो म्हणाला, “आई, तो रचनात्मक प्रश्न आहे. तू तो व्यक्तिगत करू नकोस.” ताट तसंच पडलं होतं. रचनेनं ते उचललं नाही, मी उचललं.

आता घरात बोलायची गोष्ट नाही, पण इथे म्हणून सांगते. या आघाडीवर शत्रूनं जेवढं नुकसान केलं नाही तेवढं सेनापतीनं केलं. रवीनं घातलेल्या टॉवेलांच्या घड्या मी तो झोपल्यावर उलगडून पुन्हा घालते. त्यानं वाट्या लावल्या की लहानीवर मोठी, मोठीवर लहानी असा मनोरा होतो, तो बघून माझ्या पोटात गोळा येतो. त्यानं आणलेली कोथिंबीर मी बादलीत उभी करून जगवायचा प्रयत्न करते. आणि तो एकटा कुकर लावणार त्या दिवशी मी ऑफिसात असून नसल्यासारखी. एकदा ऑडिटर समोर बसलेले असताना त्याचा फोन आला.

“शिट्ट्या किती?”

“तीन.”

“अडीच झाल्यात. एक नुसतीच फुसफुसली.”

“अर्धवट धरायची नाही,” मी दटावून सांगितलं. “पूर्ण झालेलीच धरायची.”

समोर ऑडिटरांनी कागदावर काहीतरी खोडलं.

माझ्या सासूबाई हे सगळं सोफ्यावर बसून शेंगा सोलत पाहत होत्या. एके रविवारी मी रवीच्या पाठीशी उभी राहून त्याला कांदा चिरायला शिकवत होते. म्हणजे कांदा मीच चिरत होते आणि तो ‘हं, हं’ म्हणत होता. तेव्हा त्या म्हणाल्या, “ज्योत्स्ना, चपला घाल आणि फिरायला जा.”

“आता? आई, आमटी व्हायचीय.”

“म्हणूनच. तू इथं असलीस तर तो शिकणार नाही, कारण तू शिकू देणार नाहीस. आणि किल्ली नेऊ नकोस, अर्ध्या वाटेवरून परत येशील.”

सासूबाईंना मी आजवर जुन्या वळणाच्या समजत होते. नऊवारी गेली, पण बाकी वळण तेच. त्या संध्याकाळी मात्र बोलता बोलता कळलं की १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या मागे मुंबईत ज्या हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांत गिरगावच्या चाळीतल्या आमच्या आईही होत्या. मी थक्क झाले. ज्या मोर्चाचा दाखला मी ऑफिसच्या भाषणात देते, त्या मोर्चातलं लाटणं आमच्याच घरी आहे आणि त्याच्यावर मी पोळ्या लाटते!

“मग? मोर्चानंतर काय झालं?” मी विचारलं.

“काय व्हायचंय? घरी आले. त्याच लाटण्यानं पोळ्या लाटल्या. तुझे सासरे म्हणाले, आज उशीर झाला.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काही म्हणावं लागलं नाही. लाटणं हातातच होतं.”

या अशा पूर्वपरंपरेमुळे माझा हुरूप वाढला आणि जानेवारीत मी सोसायटीच्या हळदीकुंकवात हात घातला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. शिरोळ तालुक्यातल्या खेड्याला जमतं ते नाशिकच्या लिफ्ट असलेल्या सोसायटीला का जमू नये? मी मंडळात मुद्दा मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाचाही विरोध नव्हता. फक्त सुरुवात दुसरीनं करावी एवढीच प्रत्येकीची इच्छा होती.

शेवटी करंडा घेऊन मीच आईंसमोर उभी राहिले. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. एक-दोघींनी डोळ्यांना पदर लावायची तयारीसुद्धा केली होती.

“कुंकू नको बाई मला,” आई म्हणाल्या. “त्यानं कपाळाला खाज सुटते. हे होते तेव्हाही सुटायची, पण तेव्हा सांगायची सोय नव्हती. तू अत्तर लाव, आणि तिळगूळ दोन दे.”

क्रांती झाली, पण डोळ्यांना पदर लावण्याची संधी गेल्यामुळे मंडळ जरा हिरमुसलं. त्यात मी वाणाचा घोळ घातला. दरवर्षी डबा, गाळणी, चहाचे मग असलं काहीतरी असतं. यंदा मी वडिलोपार्जित मालमत्तेतल्या मुलींच्या हक्काविषयी आठ पानी पुस्तिका झेरॉक्स करून, स्टेपल मारून वाटली. महाराष्ट्रानं हा हक्क १९९४ सालीच दिला, देशभराचा कायदा २००५ साली झाला, वाटणी कशी मागायची, सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं, सगळं सोप्या भाषेत.

“हे काय गं?” एकशे तीनच्या वहिनींनी विचारलं.

“तुमचा माहेरच्या जमिनीतला हिस्सा.”

“अगं बाई, छान!” त्यांनी पुस्तिका उलटून पालटून, किंचित हलवूनही पाहिली. “आणि डबा?”

डब्याशिवाय गेल्या बिचाऱ्या. पण पुढे एका दुपारी लाइट गेली असताना, मोबाइलचीही बॅटरी संपली असताना, हाताशी दुसरं काहीच नसल्यामुळे त्यांनी ती पुस्तिका वाचली. संध्याकाळी लाइट आल्यावर निफाडला भावाला फोन लावला. राखीपौर्णिमेला भाऊ आला नाही. वहिनी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. जमिनीच्या मोजणीला मात्र त्या जातीनं हजर होत्या, असं त्यांच्या धुणंभांडीवाल्या मावशींकडून कळलं.

मग पाटीचं प्रकरण निघालं.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीशेजारी, रहिवाशांच्या नावांची काळी पाटी आहे. चोवीस फ्लॅट, चोवीस नावं, चोवीसही पुरुष. परग्रहावरून कोणी आलं तर त्याला वाटेल, हे ब्रह्मचाऱ्यांचं वसतिगृह असावं. मी ती पाटी येता-जाता वर्षानुवर्षं पाहत होते. एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टची वाट बघताना ती वाचली.

पाटीवर सर्वांत वर चेअरमनसाहेब: पूर्ण नाव, बी.ई. (सिव्हिल), निवृत्त कार्यकारी अभियंता. त्याखाली मजल्यांप्रमाणे बाकीची रयत. त्यातही गंमत अशी की २०२१ च्या एप्रिलपासून आपल्याकडे घर नुसत्या बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. या एका टक्क्यानं महाराष्ट्रातले जेवढे पुरुष स्त्रीवादी केले तेवढे आम्हां भाषणवाल्यांना जन्मात करता आले नसते. साठ लाखांच्या फ्लॅटमागे साठ हजार रुपयांचा स्त्रीवाद. आमच्याकडेही त्यानंतर जे चार-पाच नवे आले त्यांनी घरं बायकोच्या एकटीच्या नावावर घेतली. म्हणजे कागदावर नवरा त्या घरात पाहुणा. पाटीवर मात्र पाहुण्याचंच नाव!

तीनशे एकच्या ताई तर एकट्याच राहतात. फ्लॅट त्यांचा, हप्ते त्यांनी फेडले. पाटीवर नाव त्यांच्या वडिलांचं. “एकटी बाई राहते हे कळायला नको म्हणून लावलं होतं,” त्या म्हणाल्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. पण पाटीनुसार ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, मेंटेनन्स वेळेवर भरतात, आणि गणपतीच्या वर्गणीची पावतीही त्यांच्याच नावानं फाटते. आमच्या सोसायटीतले सर्वांत नियमित सभासद तेच.

मी वार्षिक सभेसाठी विषय लेखी दिला: ‘पाटीवर घरातल्या स्त्रीचे नाव लिहिणेबाबत.’

सोसायटीची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते. नोटिशीत लिहिलेलं असतं की सभा सकाळी दहा वाजता होईल आणि गणसंख्येअभावी तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी होईल. त्यामुळे दहा वाजता फक्त वॉचमन आणि खुर्च्या असतात. साडेदहाला लोक येतात. सव्वाअकराला बटाटेवडे येतात, आणि त्यांच्या वासावर उरलेले लोक.

समितीवर दोन बायका आहेत. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर सहकारी संस्थांच्या समितीत बायकांना दोन जागा राखून ठेवाव्या लागतात, म्हणून आहेत. बैठकांना त्यांचे नवरे जातात. खेड्यात सरपंचपती असतात तसे आमच्याकडे समितीपती. इतिवृत्ताचं रजिस्टर नंतर वॉचमन घरी आणतो, “वहिनी, सही,” म्हणतो, आणि त्या पोळ्या करता करता सही करतात. आमच्या सोसायटीच्या दप्तराला गेली कित्येक वर्षं कणकेचे डाग आहेत.

यंदा मी त्या दोघींना वड्यांच्या आधीच आणून बसवलं होतं. त्यांचे नवरेही आले, सवयीनं. मग खुर्च्या कमी पडल्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच समितीपतींना उभं राहावं लागलं.

विषय क्रमांक सात आला. चेअरमनसाहेबांनी चष्मा पुसला.

“भावना चांगली आहे,” ते म्हणाले. विरोध करणारा माणूस नेहमी इथूनच सुरुवात करतो. “पण पोस्टमनचा गोंधळ होईल.”

“पोस्टमन पाटी बघतच नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “सगळं टपाल तो वॉचमनच्या खुर्चीवर ठेवतो.”

“सुरक्षिततेचा प्रश्न आहे. बाईचं नाव दिसलं की चोराला वाटेल घरात पुरुष नाही.”

“आणि पुरुषाचं दिसलं की?” मी विचारलं. “मागल्या दिवाळीत तुमच्याच घरी चोरी झाली, काका. पाटीवर तुम्ही कार्यकारी अभियंता होता.”

सभेत खसखस पिकली. मी लोखंड तापलंय असं समजून शासनाचा दाखला काढला. “आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावात सरकारी कागदपत्रांवर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं.”

चेअरमनसाहेबांनी क्षणभर विचार केला. “आपली इमारत १९९८ सालची आहे,” ते म्हणाले. “तिला तो नियम लागू होत नाही.”

अनपेक्षित वार स्वपक्षातूनच आला. दोनशे दोनच्या काकू उठून म्हणाल्या, “माझं नाव नका गं लिहू. उगाच कोणी नावानं हाक मारील.” त्यांना गेली तीस वर्षं कोणी नावानं हाक मारलेली नव्हती. दोनशे दोनच्या काकू, अमक्याची आई, तमक्यांच्या मिसेस. त्यांचं नाव काय, यावर सभेत कुजबुज सुरू झाली. कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या नवऱ्यानं जरा वेळ घेऊन सांगितलं, “सुमन. म्हणजे लग्नातलं. आधीचं... आधीचं काहीतरी वेगळं होतं.”

“कुमुद,” काकू म्हणाल्या. “कुमुद लिहा.” आणि खाली बसल्या. एका मिनिटापूर्वी नाव नको म्हणणाऱ्या काकूंनी असा एकदम नावासकट पक्ष बदलल्यामुळे विरोधकांची फळी मोडली.

आता राहिला खर्च. रविवार कारंज्याजवळचा पेंटर अक्षराला तीस रुपये घेतो. खजिनदारांनी कॅल्क्युलेटर काढला. दोघांची नावं, दोघांची मधली नावं आणि आडनाव धरलं तर घरटी वीस अक्षरं, म्हणजे सहाशे रुपये. चोवीस घरांचे चौदा हजार चारशे. सभेनं एका सुरात उसासा सोडला. समतेला कोणाचा विरोध नव्हता, पण चौदा हजार?

“आडनावं काढली तर?” मागून कोणीतरी म्हणालं.

“आडनावं आणि मधली नावं काढली,” खजिनदारांची बोटं चालत होती, “नुसती नावं ठेवली, तर घरटी सहा अक्षरं. चार हजार तीनशे वीस. दहा हजार ऐंशी रुपये वाचतात.”

ठराव एकमतानं मंजूर.

मी सुन्न बसून राहिले. आडनावातून जात दिसते, मधल्या नावातून बाईवरची मालकी दिसते, ती टाकून द्या, हे सांगण्यासाठी या महाराष्ट्रात किती शिबिरं झाली, किती जणांनी आयुष्यं वेचली. तो प्रश्न आमच्या खजिनदारांनी एका हातात वडा धरून निकालात काढला.

दोन नावांत आधी कोणाचं, यावर वीस मिनिटं गेली. शेवटी वर्णानुक्रमानं असं ठरलं. चेअरमनसाहेबांनी ओठातल्या ओठात ‘गोविंद, चंद्रप्रभा’ असं म्हणून पाहिलं, ग आधी येतो याची खात्री केली आणि अनुमोदन दिलं. आमच्याकडे ज आधी, र नंतर. रवी म्हणाला, “देवनागरीसुद्धा तुझ्या मंडळात आहे वाटतं.”

पेंटर पुढच्या रविवारी आला. पायऱ्यांवर डबे मांडून त्यानं जुनी पाटी घासून काढली. चोवीस पुरुष अर्ध्या तासात गेले. तीनशे एकच्या ताई वडिलांचं नाव पुसलं जाईपर्यंत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “चला, बाबा सुटले मेंटेनन्समधून.”

पहिला तंटा माझ्याच नावावर झाला. ‘ज्योत्स्ना’ ही दोन अक्षरं, साठ रुपये, असा आमचा हिशेब. पेंटरनं ब्रश खाली ठेवला.

“ताई, हे त-स-न एकाखाली एक आहेत. हे अक्षर नाही, ही चाळ आहे. याचे नव्वद पडतील.”

“ठरावात अक्षराला तीस आहे,” खजिनदार म्हणाले.

“मग ठरावाला लिहायला सांगा.”

रवी उदारपणे म्हणाला, “वरचे तीस मी देतो. नाहीतर ‘ज्योती’ लिहू या का? दिसायलाही सुटसुटीत.” त्याच्याकडे मी जे पाहिलं त्यावरून त्यानं पाकीट काढलं. ‘रवी’चे साठ झाले. घरात माझी किंमत दीडपट असल्याचं त्या दिवशी पावतीनिशी सिद्ध झालं.

एवढ्यात आई काठी टेकत खाली आल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी साठ रुपये काढून पेंटरच्या डब्यापाशी ठेवले. “उषा. दोन अक्षरं. जोडाक्षर नाही, वेलांटी नाही.”

“आजी, ठरावात घरटी दोनच नावं आहेत,” सेक्रेटरींनी नम्रपणे सांगितलं.

“ठराव तुमच्या पैशांचा. हे माझे आहेत.”

“बरं, मग खाली शेवटी लिहितो.”

“शेवटी कशी? वर्णानुक्रम ना? उ हा स्वर आहे. स्वर आधी येतात.” त्या वॉचमनची खुर्ची ओढून समोर बसल्या. पेंटरनं आमच्या घराच्या ओळीत पहिलं नाव लिहिलं, उषा. ते बघून पहिल्या मजल्यावरच्या आजी वर जाऊन पैसे घेऊन आल्या. मग चौथ्या मजल्यावरच्या. वहिनींनी, म्हणजे माझ्याशी न बोलणाऱ्या एकशे तीनच्या वहिनींनी, माझ्याकडे न बघता दहावीतल्या मुलीच्या नावाचे नव्वद रुपये ठेवले. खजिनदारांचा कॅल्क्युलेटर केव्हाच बंद झाला होता. पेंटर मात्र शीळ घालत होता.

चेअरमनसाहेब सकाळपासून पाटीच्या वरच्या ओळीजवळ उभे होते. ‘गोविंद, चंद्रप्रभा’ लिहून झालं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहून हळूच खिशातून पैसे काढले. “माझ्या नावापुढे तेवढं बी.ई. सिव्हिल लिहून टाक. स्वखर्चानं आहे.”

पेंटरनं लिहिलं. चंद्रप्रभाकाकू दूध घेऊन येत होत्या, त्या पाटीसमोर थांबल्या. पिशवी त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली आणि पदराच्या टोकाची गाठ सोडली.

“माझ्यापुढे एम.ए. लिही बाबा. कंसात संस्कृत.”

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो. पंधरा वर्षं आम्ही त्यांच्या हातची पुरणपोळी खातो.

“एम.ए.? काकू, तुम्ही?”

“१९८१ ला. लग्नाच्या दोन महिने आधी निकाल लागला.”

“अगं, पण हे ठरावात नाही,” चेअरमनसाहेब दुधाची पिशवी सावरत म्हणाले.

“तुमचं बी.ई. कुठं आहे ठरावात?”

पेंटरनं ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, पाटीवरच्या जागेचा अंदाज घेतला आणि विचारलं, “काकू, एम.ए. मध्ये दोन टिंबं येतात. साहेबांची फुकट लिहिली, पण तुमच्याकडे जागा कमी आहे, बारीक काम आहे. टिंबांचे दहा-दहा लागतील.”

“घे,” काकू म्हणाल्या. “आणि कंसानंतर ‘प्रथम वर्ग’ लिही.”

चेअरमनसाहेबांनी विचारलं, “त्याची किती अक्षरं होतात?”

“पाच,” काकू म्हणाल्या. “दोन जोडाक्षरं आहेत. पैसे तुम्ही द्या, माझ्याकडचे संपले.”